ॲनॅटिडीफोबिया

ॲनॅटिडीफोबिया : जगात कुठे ना कुठे एक बदक आपल्यावर पाळत ठेवून आहे, या भीतीचे विनोदी नाव. अमेरिकन व्यंग्यचित्रकार गॅरी लार्सन यांनी ‘द फार साइड’ (१९८०–९५) या एकचौकटी चित्रमालेसाठी ते रचले. चित्रात कचेरीत बसलेला एक माणूस आहे आणि समोरच्या इमारतीच्या एका खिडकीत बदक.

लॅटिनमध्ये बदकाला ‘अनास’ म्हणतात. त्याच्या षष्ठीच्या ‘अनातिस’ या रूपातील अंगाला प्राणिशास्त्रातील कुलवाचक प्रत्यय जोडून ‘ॲनॅटिडी’ हे कुलनाम तयार झाले असून, त्यापुढील ‘फोबिया’ हे पद मूळचे ग्रीक आहे. या कुलात बदकांबरोबर हंस आणि कलहंसही येतात. आपल्याकडील हळदी-कुंकू बदक आणि चक्रवाक त्यातलेच. व्युत्पत्ती काटेकोरपणे पाळायची, तर रुग्णाला हंसाचेही भय वाटायला हवे. शिवाय, ज्या पाळतीवर सारा विनोद उभा आहे, तिचा शब्दात मागमूस नाही. ती केवळ व्याख्येत आहे. भारदस्त नाव आणि क्षुल्लक आशय यांची ही विजोड जोडी शास्त्रीय परिभाषेच्या डौलाची थट्टा करते.

मानसोपचारशास्त्रात प्राण्यांच्या अवाजवी भीतीचा समावेश विशिष्ट भयगंडांत होतो आणि पक्ष्यांच्या भीतीला ऑर्निथोफोबिया म्हणतात. प्रस्तुत शब्दाला तेथे स्थान नाही. तरीही आंतरजालावरील भयगंडांच्या याद्यांत तो खऱ्या संज्ञांच्या पंक्तीला बसलेला आढळतो, आणि त्याचे श्रेय त्याच्या निर्दोष शास्त्रीय पेहरावाला द्यावे लागेल.

पाळतीसाठी बदकाची निवड मात्र अगदीच अनाठायी नाही. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मान न वळवता जवळजवळ चहूकडचे दिसते. इतकेच नव्हे, तर रांगेत झोपलेल्या बदकांपैकी कडेची बदके मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतात, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले.

लार्सन यांचा ‘थॅगोमायझर’ हा दुसरा शब्द (१९८२) याहून नशीबवान ठरला : स्टेगोसॉरस या डायनोसॉरच्या शेपटीवरील काट्यांसाठी पुराजीवशास्त्रज्ञ आता तो वापरतात. खुद्द लार्सन यांचे नावही रीतसर लॅटिन रूप घेऊन प्राणिशास्त्रात दाखल झाले आहे. स्ट्रिजिफिलस गॅरिलार्सनाय ही घुबडाच्या अंगावर राहणारी एक ऊ आहे.