कमी कर्बोदकांचा डबा : सुरू करण्याआधी हे वाचा

डबा सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन एक ते दोन किलोंनी उतरते. त्यात चरबी थोडी आणि पाणी जास्त असते. आपले यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (कर्बोदकांपासून बनलेला साखरेचा साठा) साठवतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. पोळी-भात कमी झाला की हा साठा वापरला जातो आणि पाणी लघवीवाटे निघून जाते. म्हणून पहिल्या आठवड्याच्या आकड्याने हुरळून जाऊ नका आणि तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला म्हणून डबाही बंद करू नका. चरबी उतरण्याचा खरा वेग आठवड्याला साधारण अर्धा किलो असतो.

चरबी उतरते ती एकूण खाणे कमी झाल्यामुळे. ताटात प्रथिने आणि भाज्या वाढल्या की पोट लवकर भरते, बराच वेळ भरलेले राहते आणि चारच्या चहाबरोबर फरसाण लागत नाही. या पद्धतीत याहून वेगळी जादू नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कमी कर्बोदके खाणाऱ्यांचे वजन सरासरी ६ किलो उतरले, तर कमी स्निग्ध खाणाऱ्यांचे ५.३ किलो. हा फरक नगण्य ठरला. जी पद्धत तुम्हाला वर्षभर निभावता येईल, तीच तुमची.

आपल्या ताटाचा हिशेब

तीन पोळ्या (प्रत्येकी ३० ग्रॅम कणीक) म्हणजे सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके. १०० ग्रॅम शिजलेला भात २८ ग्रॅम, ३० ग्रॅम तूरडाळीचे वरण १७, बटाट्याची भाजी १५-१६. एका जेवणातच १२० ग्रॅम होतात. साखरेचे तीन कप चहा घेतले की त्यात आणखी ४०-४५ ग्रॅमची भर पडते.

भाकरीबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. ज्वारीच्या पिठातही कर्बोदके गव्हाइतकीच असतात. ६० ग्रॅम पिठाची मोठी भाकरी म्हणजे ४० ग्रॅम, अर्थात दोन पोळ्या. भाकरीने पोट चांगले भरते हे खरे, पण ‘भाकरीच तर खातोय’ म्हणत दोन खाल्ल्या तर हिशेब जागच्या जागीच राहतो. उपवासाचेही तसेच. ६० ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत ५० ग्रॅमहून जास्त कर्बोदके असतात, आणि प्रथिने मिळतात ती काय दाण्याच्या कुटातूनच.

आमच्या डब्यात ४० ग्रॅम पिठाची एक भाकरी, एक वाटी उसळ, दोन वाट्या भाजी, कोशिंबीर आणि ताक असते. सगळे मिळून साधारण ६० ग्रॅम कर्बोदके. सकाळी दोन अंड्यांचे ऑम्लेट किंवा मूगडाळीची दोन धिरडी, रात्री भाजीबरोबर पनीर किंवा मासे आणि चहा बिनसाखरेचा असे ठेवले, तर दिवसभराचा आकडा १०० ते १३० ग्रॅममध्ये बसतो. डब्याबरोबर घरच्या दोन पोळ्या घेतल्या तर एका जेवणातच १०० होतात.

आम्ही २०-५० ग्रॅमचा कडक केटो डबा देत नाही. इतक्या कमी कर्बोदकांत शरीर दोन-चार दिवसांत चरबीपासून कीटोन (साखरेऐवजी वापरायचे इंधन) बनवू लागते, हे खरे आहे. अडचण शाकाहारी घरांत येते. एक वाटी घट्ट वरणातून साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात, पण त्यामागे १७ ग्रॅम कर्बोदकेही येतात. केटोच्या मर्यादेत डाळ-उसळ जवळजवळ बंदच होते, मग भिस्त राहते ती पनीर, लोणी आणि सुक्या मेव्यावर. वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम तरी प्रथिने हवीत. ७० किलोच्या माणसाला ७० ग्रॅम. ती पुरी पडली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शाकाहारी असाल तर दही, पनीर आणि सोयाबीनच्या वड्या रोजच्या खाण्यात आणा.

चुकते कुठे

कर्बोदके कमी म्हणजे तूप-दाणे हवे तेवढे, असे नाही. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, दाण्यांत १७० कॅलरी असतात. अशा दोन मुठी म्हणजे बिनतेलाच्या तीन पोळ्यांहून अधिक.

पहिल्या आठवड्यात डोके दुखते, चक्कर येते, पायांत गोळे येतात. इन्सुलिन उतरल्यावर मूत्रपिंडे मीठ जास्त बाहेर टाकतात, त्याचा हा परिणाम. दिवसातून दोनदा चिमूटभर मीठ घातलेले ताक किंवा भाज्यांचे सूप घ्या. रक्तदाब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. बद्धकोष्ठता झाली तर पालेभाजी आणि पाणी वाढवा. रात्री एक चमचा इसबगोल भरपूर पाण्याबरोबर चालेल.

एकादशीला खिचडी किंवा लग्नात जिलेबी झाली की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर जातो. तेही पाणीच. उपाशी राहू नका, पुढच्या जेवणापासून नेहमीचा डबा घ्या. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी सकाळी काही खाण्याआधी करा आणि बेंबीपाशी पोटाचा घेर टेपने मोजा.

काही जणांचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, या आहाराने वाढते. सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्या. युरिक ॲसिड किंवा मुतखड्याचा त्रास असेल तर फोन करतानाच सांगा.

औषधे चालू असतील तर

हा भाग कृपया वगळू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्याने मात्रा न बदलता भाकरी कमी केली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर खूप कमी कर्बोदके घेतली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तातली आम्लता जीवघेणी होऊ शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काही झाले तर ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, लगेच रुग्णालय गाठा. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही कमी करावा लागू शकतो. म्हणून डॉक्टरांची लेखी संमती मिळाल्याशिवाय अशा ग्राहकांचा डबा आम्ही सुरू करत नाही. गर्भवती, स्तनदा माता, टाइप १ मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि १८ वर्षांखालील मुले यांना हा डबा देत नाही. आग्रह करू नये.

वजन हवे तिथे आले की डबा एकदम बंद करू नका. आधी रात्रीच्या जेवणात एक पोळी वाढवा आणि दोन आठवडे वजन, घेर बघा. किलोभर पाणी परत येईल, तेवढे धरून चाला. त्यापुढे वाढ नसेल तरच सकाळच्या पोह्यांकडे वळा, तेही ३० ग्रॅम पोह्यांत मटार, गाजर, दाणे घालून.