हिरवे पाणी (जलतरण तलावातील)

पोहण्याच्या तलावातील पाण्याला येणारी हिरवी छटा, तिची कारणे व ती घालवण्याच्या रीती. या एका नावाखाली दोन वेगळे विकार मोडतात. एक शेवाळाचा, दुसरा पाण्यात विरघळलेल्या धातूंचा. धातूंमध्ये मुख्यतः तांबे व लोह येतात, क्वचित मँगॅनीज. वरवर पाहता दोन्ही विकार सारखे दिसतात, पण त्यांचे उपाय एकमेकांच्या आड येतात. शेवाळावर क्लोरीन हाच खरा इलाज आहे. तोच क्लोरीन लोहयुक्त पाण्यात एकदम ओतला, तर फिकट हिरवे पाणी तासाभरात कोऱ्या चहासारखे होते आणि फरशीवर तांबूस डाग बसतात. घरगुती तलावांच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी निदानाआधी केलेला उपचार असतो.

निदान : सर्वांत साधी परीक्षा पांढऱ्या बादलीची. तलावाच्या मध्यातून, हात कोपरापर्यंत बुडवून बादलीभर पाणी घ्यावे व सावलीत ठेवावे. पाणी गढूळ असेल, तळाशी हिरवट साका बसत असेल आणि तलावाची भिंत हाताला बुळबुळीत लागत असेल, तर ते शेवाळ. पाणी निवळशंख आहे, तळाच्या निचऱ्याचे झाकण स्पष्ट दिसते, तरीही रंग हिरवा किंवा निळसर हिरवा आहे, अशा वेळी धातूचा संशय घ्यावा. मग त्याच बादलीत चमचाभर सोडियम हायपोक्लोराइट (द्रवरूप क्लोरीन) टाकून पाहतात. रंग पिवळट तपकिरी झाला तर लोह, हळूहळू काळसर झाला तर मँगॅनीज. तांब्याच्या पाण्यात सहसा फरक पडत नाही. डागांची परीक्षाही अशीच घरगुती आहे. क जीवनसत्त्वाची गोळी डागावर अर्धा मिनिट घासली आणि तेवढा ठिपका उजळला, तर डाग बहुधा लोहाचा. दोन्ही विकार एकत्र असतील तर या परीक्षा फसतात, आणि ते एकत्र असणे दुर्मीळ नाही.

रंगाची मीमांसा : तांब्याच्या बाबतीत फारसा वाद नाही. तांब्याचे द्विसंयुजी आयन पाण्यात निळसर हिरवे असतात. लिटरमागे एखादा मिलिग्रॅम तांबे पेल्यातल्या पाण्यात डोळ्यांना कळत नाही, पण दीड मीटर खोलीच्या पाण्यातून पाहिले की छटा जाणवते.

लोहयुक्त पाणी हिरवे का दिसावे, हा मात्र रेंगाळलेला प्रश्न आहे. फेरस, म्हणजे पूर्ण ऑक्सिडीकरण न झालेल्या, लोहाचे क्षार मुळातच हिरवे असतात, हिराकस हे त्याचे घरोघरी माहीत असलेले उदाहरण, त्यामुळे पाणीही हिरवे दिसते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते सोपे आहे, पण दोन ठिकाणी अडते. तलावात सापडणारे लोहाचे प्रमाण लिटरमागे मिलिग्रॅमचे काही दशांश किंवा फार तर एक-दोन मिलिग्रॅम इतके असते. एवढ्याशा फेरस लोहाचा रंग नजरेला येणे अवघड. शिवाय क्लोरीन असलेल्या पाण्यात लोह फेरस अवस्थेत टिकत नाही, त्याचे झपाट्याने फेरिक, म्हणजे गंजात असते त्या, रूपात ऑक्सिडीकरण होते. दुसरे स्पष्टीकरण असे की, फेरिक हायड्रॉक्साइडचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात व त्यांचा रंग पिवळा असतो. खोल पाण्याची स्वतःची निळाई आणि खालच्या फरशीचा निळा रंग यांत तो पिवळा मिसळून हिरवा दिसतो. पांढऱ्या बादलीत काढलेले हेच पाणी हिरव्याऐवजी पिवळसर भासते, हा अनुभव दुसऱ्या मताला अधिक जुळतो.

धातूंचा उगम : लोह व मँगॅनीज बहुधा भरणीच्या पाण्याबरोबर येतात. खोल विंधनविहिरीतील पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून लोह तेथे विरघळलेल्या फेरस रूपात राहते. पंप सुरू केल्यावर येणारे पाणी स्वच्छ दिसते; तीच बादली दुपारपर्यंत अंगणात ठेवली की वर तांबूस तवंग धरतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत लोहाची मर्यादा मुळात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम होती. पिण्यास चालणारे पाणीही तलावाला रंग आणू शकते, कारण बाष्पीभवनाने पाणी उडून जाते, धातू मागे राहतो आणि प्रत्येक नव्या भरणीबरोबर त्यात भर पडते. जलतरण तलावाच्या पाण्यासाठी आयएस ३३२८ हे स्वतंत्र मानक आहे. घरगुती तलावांच्या मालकांना त्याची कल्पना क्वचितच असते.

तांब्याचे तसे नाही. ते बहुतेक वेळा माणसानेच घातलेले असते. पाणी तापवण्याच्या यंत्रातील तांब्याच्या नळ्या आम्लधर्मी पाण्यात झिजतात हा एक मार्ग, तांब्याचे आयन सोडणारी विद्युत उपकरणे हा दुसरा. तिसरा व सर्वांत मोठा मार्ग म्हणजे शेवाळनाशक म्हणून टाकलेले मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट. जलाशयांतील शेवाळावर मोरचूद वापरण्याची पद्धत अमेरिकेच्या कृषी खात्यातील जॉर्ज मूर व कार्ल केलरमन यांनी १९०४ साली प्रसिद्ध केलेल्या पत्रिकेमुळे रूढ झाली, असे साधारणपणे मानतात. पिकांवरील बुरशीसाठी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये त्याआधी, १८८५ च्या सुमारास, पुढे आले होते. महाराष्ट्रात द्राक्षबागांमुळे मोरचूद कृषी सेवा केंद्रात सहज मिळते, आणि शेतघराच्या तलावाला शेवाळ धरले की हात आधी त्या पुडीकडे जातो.

तेथे हिशेब पाहणे उद्बोधक ठरते. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व सरासरी १.४ मीटर खोल तलावात ७० हजार लिटर पाणी मावते. मोरचुदात वजनाने सुमारे एक चतुर्थांश तांबे असते. एक किलो मोरचुदाने या तलावात लिटरमागे साधारण ३.६ मिलिग्रॅम तांबे येते. डाग टाळायचे तर ते ०.२ ते ०.३ च्या आत ठेवावे असा सल्ला सामान्यतः दिला जातो. केवळ पाणी बदलून तेथवर यायचे असेल, तर दहा हजार लिटरचे सात टँकर लागणाऱ्या तलावातील साडेसहा टँकर पाणी ओतून द्यावे लागेल.

शेवाळावरील उपचार : क्लोरीनयुक्त पाणी पोहण्याच्या तलावात वापरण्याची सुरुवात १९१०–११ च्या सुमारास अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात जॉन बंकर यांनी केली, असे मानले जाते. त्याआधी तलाव ठराविक दिवसांनी रिकामा करून पुन्हा भरत. क्लोरीन पाण्यात हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात काम करतो व त्याचे प्रमाण सामूवर, म्हणजे पीएचवर, अवलंबून असते. सामू ७.५ असताना मुक्त क्लोरीनपैकी सुमारे निम्मा या प्रभावी रूपात असतो, ८ ला तो पाव हिश्शाच्याही खाली जातो. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, स्वस्त आहे. मात्र तिच्यातील चुन्याने सामू व कठीणपणा वाढतो, आणि उघड्या गोणीत राहिली की तिचे बळ उतरते.

बाजारातील पांढऱ्या गोळ्या ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या (थोडक्यात ट्रायक्लोरच्या) असतात. त्या उन्हात टिकतात, कारण त्यांतील सायन्युरिक आम्ल क्लोरीनला उन्हापासून राखते. मात्र ते त्याच प्रमाणात त्याची धारही बोथट करते. गोळ्यांतून दर १० मिलिग्रॅम क्लोरीनमागे सुमारे ६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल पाण्यात उरते. रोज लिटरमागे २ मिलिग्रॅमचा मारा तीन महिने चालला व पाणी बदलले नाही, तर हे प्रमाण शंभरावर जाते. हिरव्या पाण्यासाठी लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोरीनचा सरसकट मारा द्यावा, असे व्यवसायात सांगितले जाते. अमेरिकेतील घरगुती तलावधारकांमध्ये दुसरा नियम रूढ आहे : क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या सुमारे ४० टक्के इतका चढवावा आणि पाणी निवळेपर्यंत तेथेच धरून ठेवावा. सायन्युरिक आम्ल ३० असेल तर १२ मिलिग्रॅम पुरतो, १०० असेल तर ४० लागतो. ज्या तलावात ‘क्लोरीन आहे, तरी हिरवे’ अशी तक्रार असते, तेथे हा दुसरा नियमच कारण उलगडून दाखवतो. मेलेले शेवाळ राखाडी-पांढरे होऊन खाली बसते. भिंती घासणे व वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणे हे काम तेव्हा औषधाइतकेच महत्त्वाचे असते.

रिओ दि जानेरो येथील २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये मारिया लेंक जलक्रीडा केंद्रातील सूर मारण्याचा तलाव ९ ऑगस्ट रोजी हिरवा झाला व नंतर शेजारचाही. प्रथम शेवाळ, मग संपलेली रसायने व ढळलेला सामू अशी कारणे पुढे आली. काही रसायनतज्ज्ञांनी तांब्याचाही संशय घेतला. अखेर आयोजकांनी सांगितले की, ५ ऑगस्टला तलावांत चुकून हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले होते. हे द्रव्य स्वतः जंतुनाशक असले तरी क्लोरीनशी संयोग पावून दोन्ही नष्ट होतात, उरतात हायड्रोक्लोरिक आम्ल, पाणी व ऑक्सिजन. क्लोरीनविना पाण्यात शेवाळ वाढले, हे स्पष्टीकरण सर्वांत सुसंगत वाटते. कलात्मक जलतरणाच्या स्पर्धेसाठी मात्र निवळण्याची वाट न पाहता सुमारे ३७ लाख लिटर पाणी बदलण्यात आले.

धातूंवरील उपचार : दोन पंथ आहेत, बांधण्याचा व काढण्याचा. ‘मेटल रिमूव्हर’ म्हणून विकली जाणारी बहुतेक द्रव्ये नावाप्रमाणे धातू काढत नाहीत. एचईडीपीसारखी फॉस्फोनिक आम्ले किंवा ईडीटीए धातूच्या आयनाला कवेत घेऊन विरघळलेल्या अवस्थेत ठेवतात, त्यामुळे डाग बसत नाहीत. क्लोरीन व ऊन यांनी ही द्रव्ये हळूहळू मोडतात. म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते. एचईडीपी मोडल्यावर फॉस्फेट उरते, आणि ते शेवाळाचे खाद्य आहे.

लोह मात्र खरोखर काढता येते. एक मिलिग्रॅम फेरस लोहाच्या ऑक्सिडीकरणास सुमारे ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन पुरतो. वरच्या मापाच्या तलावात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम लोह असेल, तर एकूण लोह ३५ ग्रॅम, म्हणजे मूठभर साखरेइतके. ते अवक्षेपित करून, म्हणजे न विरघळणाऱ्या कणांत आणून, गाळायचे एवढेच काम. कण इतके बारीक असतात की वाळूतून निसटतात, म्हणून तुरटीने गोळा करून खाली बसवतात. तुरटी पाण्याची क्षारता खाते; सामू आधी पाहून ठेवावा. रात्रभर पंप बंद ठेवला की सकाळी तळाशी तपकिरी साय दिसते. ती फिल्टरमध्ये न ओढता थेट बाहेर सोडावी. उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस भोके पाडलेल्या बादलीत दाबून त्यातून भरणीचे पाणी सोडण्याची युक्तीही लोहासाठी चांगली चालते. कापूस काही तासांत विटकरी होतो. मँगॅनीज साध्या सामूला क्लोरीनला दाद देताना वेळ लावतो. तांब्याला ही वाट जवळपास बंदच आहे, तेथे पाणी बदलणे हाच भरवशाचा उपाय. ते पावसाळ्यात करू नये : भूजल वर आलेले असताना रिकामा तलाव खालच्या दाबाने उचलला जाऊन तडकू शकतो.

गाळ बसवण्याची कल्पना भारताला जुनी आहे. निवळीच्या, म्हणजे कतकाच्या, बिया उगाळून गढूळ पाणी निवळवण्याची रीत मनुस्मृतीच्या काळीही परिचित होती. तरंगत्या मातीवर ती चालते. विरघळलेल्या तांब्यावर तिचा काही उपयोग झाल्याचा पुरावा नाही.

डागांसाठी क जीवनसत्त्व किंवा सायट्रिक आम्ल वापरतात. क जीवनसत्त्व आपल्या वजनाच्या सुमारे दोन पंचमांश क्लोरीन खर्ची घालते. म्हणून क्लोरीन आधी उतरू द्यावा लागतो, आणि तेवढ्या दिवसांत शेवाळ परत येऊ शकते. टीसीएल व ट्रायक्लोरच्या गोळ्या एका भांड्यात कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. टीसीएलवर आम्ल पडले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पोहणाऱ्यांचे केस हिरवे होण्याचा दोष क्लोरीनला दिला जातो, पण तो रंग केसांत बसलेल्या तांब्याचा असतो. सोनेरी व रंगवलेल्या केसांवर तो उठून दिसतो, काळ्या केसांवर सहसा दिसत नाही.