दम मोजायचा कसा?

पहाटे पाचला बीडच्या नाहीतर परभणीच्या मैदानावर जा. पोलीस भरतीची पोरंपोरी अंधारातच पळायला लागलेली असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच, "सर, शेवटच्या राउंडला दम जातो." हा दम म्हणजे काय आणि तो मोजायचा कसा, यावर व्यायाम-शरीरशास्त्राची एक अख्खी शाखा उभी आहे. तिच्यात संशोधक म्हणून आयुष्यभर काम करता येतं, हे मात्र आपल्याकडच्या फार थोड्या मुलांना माहीत असतं.

स्नायूंमधल्या उष्णतेचा अभ्यास करून १९२२चं नोबेल मिळवणारे ए. व्ही. हिल स्वतः पाठीवर पिशवी बांधून गवतावर पळाले. सोडलेला श्वास त्या पिशवीत साठायचा. श्वासात ऑक्सिजन किती उरला हे तपासलं, की शरीरानं किती वापरला ते कळतं. वेग वाढवत नेला तर एका टप्प्यानंतर हा वापर वाढायचा थांबतो. ती कमाल मर्यादा म्हणजे दमाचं माप. मिनिटाला हृदय किती रक्त ढकलतं, यावर ती मुख्यतः ठरते. १६०० मीटरच्या शर्यतीत बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनच्या जोरावरच येते, म्हणून नुसते शंभर-शंभर मीटरचे स्प्रिंट मारून शेवटचा राउंड सुधारत नाही.

श्वासातले वायू मोजणारं यंत्र महाग असतं. पण १९६८ साली केनेथ कूपर या अमेरिकी डॉक्टरांनी घड्याळावर भागेल अशी चाचणी मांडली. १२ मिनिटांत जमेल तेवढं पळायचं, मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करायचे आणि ४४.७३ने भागायचं. २४०० मीटर झाले तर उत्तर येतं सुमारे ४२, म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला ४२ मिलिलिटर ऑक्सिजन. आज संध्याकाळी कुठल्याही शाळेच्या मैदानावर करून पाहता येईल.

मला खरा रस आहे तो पुढच्या प्रश्नात. हे सूत्र अमेरिकी हवाई दलातल्या ११५ पुरुषांवर बेतलेलं आहे. आष्टी-पाटोद्याकडची, आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन मोळ्या वाहिलेली मुलगी त्यात बसते का? जगभर या विषयात स्त्रियांवर अभ्यास कमीच झालाय, ऊसतोडीच्या घरातल्या मुलींचं तर नावच नको.

त्यात आपलं ऊन. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. हवा त्वचेपेक्षा तापली, की ही उष्णता बाहेर टाकायला घामच उरतो. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण त्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावं लागतं आणि तेवढं पायांना कमी पडतं. दहा-चौदा दिवस उन्हात सराव केला की शरीर रुळतं: रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ घटतं. वर्षानुवर्षं उन्हात राबलेल्या शरीरात याहून वेगळं काय होतं, हे इथेच राहून तपासायला हवं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचं, रौप्य जिंकलं, तेव्हा आपण त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं. ते रास्तच होतं. पण त्या मातीतल्या शरीरांचा अभ्यास करावा, असं किती विद्यार्थ्यांच्या मनात आलं?

बी.पी.एड., एम.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदव्या करून नेट-सेट आणि पीएच.डी. हा ओळखीचा रस्ता. फिजिओथेरपी, प्राणिशास्त्र किंवा आहारशास्त्र शिकलेल्यांनाही इकडे वळता येतं. पीएच.डी.चा बराचसा काळ पळण्यात जातच नाही. नीतिमत्ता समितीची परवानगी, मराठीत समजेल असं संमतीपत्र, आणि तीस मुलींना ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, उपाशीपोटी न येण्याचं सांगून मैदानावर आणणं, यात महिने जातात. संख्याशास्त्राची भीती वाटत असेल तर पहिल्याच वर्षी ती मोडावी, नंतर फार जड जातं.

विषय सुचत नसेल तर हा घ्या: त्याच तीस मुली, तेच मैदान, कूपरची तीच १२ मिनिटं, एकदा जानेवारीत, एकदा मे महिन्यात.