लॅकरखालचे पांढरे धागे

नेरूळला आमची गाडी खाडीच्या बाजूला उभी असते. पावसाळा सरला की मी तिच्या ॲल्युमिनियमच्या अलॉय चाकांपाशी उकिडवा बसून बघतो. खडा लागून लॅकरचा, म्हणजे वरच्या चकचकीत संरक्षक लेपाचा, टवका उडालाय, तिथून पांढुरके धागे निघालेले असतात, सुतासारखे बारीक आणि वळणं घेत गेलेले. बोट फिरवलं तर गुळगुळीतच लागतं, कारण हे सगळं पारदर्शक लॅकरच्या खाली चाललेलं असतं.

याला तंतुमय क्षरण म्हणतात. ॲल्युमिनियम एरवी स्वतःला सांभाळतं. हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा घट्ट थर चढतो. मिठातलं क्लोराइड मात्र हा थर फोडतं, आणि ठाणे खाडीच्या काठी खाऱ्या, दमट हवेला तोटा नाही. टवक्यातून खारं पाणी आत शिरतं. धाग्याच्या टोकाशी ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त, तिथे धातू विरघळतो. मागे शेपटीपर्यंत ऑक्सिजन पोचतो, तिथे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पांढरी भुकटी साचते. भुकटीला जागा जास्त लागते. ती लॅकर उचलते आणि टोकाला पुढची वाट मोकळी होते. म्हणूनच फुटकं लॅकर हे लॅकर नसण्यापेक्षा वाईट, ते ओल धरून ठेवतं. वरून कितीही पॉलिश चोळलं तरी धागा जात नाही. जुना थर काढावाच लागतो.

पेंट रिमूव्हर लावला की काही मिनिटांत लॅकर दुधावरच्या सायीसारखं सुरकुततं. द्रावकाचे रेणू लॅकरच्या जाळीत शिरतात, थर फुगतो, त्याला आडवं पसरायला जागा नसते, मग तो धातूपासून सुटतो. यात सर्वांत झपाट्याने काम करतं ते डायक्लोरोमिथेन, पण त्याच्या वाफेपासून शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापराच्या अशा रिमूव्हरच्या विक्रीवर बंदी घातली. तळघरातल्या पार्किंगमध्ये तर हे नकोच. बेंझाइल अल्कोहोलवाला रिमूव्हर तासन्‌तास घेतो, तरी मी तोच वापरतो, उघड्यावर आणि हातमोजे घालून.

कॉस्टिक सोडा मात्र कुणीही सुचवला तरी लावू नका. तो लॅकरवर थांबत नाही, ॲल्युमिनियमच खातो आणि हायड्रोजन सोडतो. ब्लोटॉर्चही नको. गॅरेजवाले ज्याला मॅग व्हील म्हणतात, त्या चाकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूत साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम असतं. कारखान्यात दीडशे-पावणेदोनशे अंशांवर तासन्‌तास तापवून त्याला मजबुती आणलेली असते. ज्वाळेने ती उतरते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

लॅकर निघालं की मग वॉटर पेपर, पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर. ३२० नंबरच्या कागदाचा कण ४६ मायक्रॉनच्या आसपास, २००० चा १० च्या. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. ओरखडे त्याहून मोठे असतील तर प्रकाश वाटेल तसा विखुरतो आणि चाक राखाडी दिसतं. प्रत्येक कागद मोठे ओरखडे पुसून लहान पाडतो, शेवटचं काम पॉलिशची पेस्ट करते. कागद बदलला की घासण्याची दिशाही आडवी बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे उरलेत का ते लगेच कळतं. मधला नंबर गाळला तर ते पॉलिशनंतर उन्हात उठून दिसतात. फडक्यावर येणारा काळा राप म्हणजे घासून निघालेलं ॲल्युमिनियमच. घासायचं ते पाणी लावूनच, कोरडी भुकटी पेट घेऊ शकते. नट बसतात त्या जागा आणि हबला टेकणारी बाजू घासायची नाही. डायमंड कट, म्हणजे लेथवर कापून चमकवलेल्या चाकांना हातच लावू नये, त्यांचे लेथवरचे बारीक चर पुन्हा घरी पाडता येत नाहीत.

गेल्या पावसाळ्याआधी मी तीन चाकांना नवं लॅकर दिलं आणि एक उघडं ठेवलं, फक्त मेण लावून. सप्टेंबरात उघडं चाक सगळीकडून मंद झालं होतं. अर्धा तास पेस्ट चोळल्यावर त्यात पार्किंगची ट्यूबलाइट दिसायला लागली. पुढच्या डाव्या चाकावर, लॅकरच्या एका नव्या टवक्यापाशी, पांढरा धागा निघाला होता, नखाएवढा लांब.