तिमाही आकड्यावरची पैज: कापसाच्या भावापासून विमान कंपनीच्या नफ्यापर्यंत

विमान कंपनीचा तिमाही निकाल जाहीर होण्यापूर्वी तो बाजाराच्या अपेक्षेपेक्षा सरस ठरेल की नाही, यावर पैसे लावण्याची सोय अमेरिकेतील काही भाकीत-बाजारांनी अलीकडे सुरू केली आहे. 'पॉलीमार्केट' या मंचाने सप्टेंबर २०२५ मध्ये कंपन्यांच्या निकालांवरील प्रश्नांचा स्वतंत्र विभाग उघडला. व्यवहाराची रीत सोपी आहे. 'हो' या बाजूचा करार ७० सेंटला मिळत असेल, तर खरेदीदारांच्या मते ती गोष्ट घडण्याची शक्यता साधारण ७० टक्के आहे. ती घडली तर कराराचा एक डॉलर मिळतो, न घडल्यास लावलेले पैसे जातात. पद्धत नवी वाटली, तरी दुसऱ्या कोणीतरी जाहीर केलेल्या आकड्यावर पैज लावण्याचा प्रकार आपल्याकडे फार जुना आहे, आणि गोव्यातील वाचकाला तो समजावून सांगण्यासाठी लांब जावे लागत नाही.

म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात 'आकडा' हा शब्द उच्चारला की तो मटक्याचा आकडा, हे सांगावे लागत नाही. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्दही सर्वांच्या कानावरचे आहेत, पण ते कुठून आले याचा विचार क्वचितच होतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील सुरुवातीचा आणि अखेरचा भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला येत असे आणि त्या भावातील अंकांवर मुंबईत पैजा लागत असत. ओपन आणि क्लोज ही त्याच दोन भावांची नावे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा स्रोत बंद पडला, तेव्हा कल्याणजी भगत आणि त्यानंतर रतन खत्री यांच्या नावाने ओळखला जाणारा, स्थानिक पातळीवर अंक काढण्याचा खेळ उभा राहिला. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा बदल हाच आहे. जोवर आकडा न्यूयॉर्कहून येत होता, तोवर मुंबईतल्या बुकीच्या हाती तो फिरवण्याचे साधन नव्हते. आकडा इथेच निघू लागल्यावर तो काढणाऱ्यावरील विश्वास हाच पैजेचा पाया झाला.

कायद्यालाही आकड्यावरच्या पैजेचा प्रश्न पूर्वीपासून सतावत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आणि कलकत्त्यात पावसावर मोठ्या पैजा लागत. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याच्या शब्दांत पावसावरची पैज बसत नाही असा न्यायालयाचा निर्णय आला, तेव्हा १८९० साली कायद्यातच दुरुस्ती करून पाऊस त्यात घालावा लागला. पुढे त्याच कायद्यात कापूस, अफू यांसारख्या मालाचा बाजारभाव, तो भाव सांगणाऱ्या संख्येतील अंक आणि शेअरचा भाव यांवरील पैजाही नावानिशी आल्या. करार कायद्याने, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या कलम ३० ने, पैजेचा करार निरर्थक ठरवला होता. मात्र निरर्थक म्हणजे बेकायदा नव्हे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली घेरूलाल पारख यांच्या खटल्यात स्पष्ट केला. गोव्याचा स्वतःचा जुगार कायदा १९७६ चा आहे, आणि १९९० च्या दशकातील दुरुस्त्यांनी त्यात पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना व पाण्यावरील जहाजांतील कॅसिनोंना जागा करून दिली.

अमेरिकेत हाच वाद 'बकेट शॉप' या नावाच्या दुकानांवरून झाला. तेथे प्रत्यक्ष माल किंवा शेअर न घेता केवळ तारेने येणाऱ्या भावांवर लोक पैजा लावत. १९०५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शिकागोच्या धान्यबाजाराचे भाव ही त्या बाजाराची मालमत्ता आहे असे ठरवले, आणि ज्याच्या आकड्यावर दुकान चालते त्याची परवानगी नसेल तर दुकानही चालणार नाही, अशी स्थिती निर्माण केली. त्यानंतर भाकिताच्या बाजाराला प्रतिष्ठा मिळाली ती विद्यापीठातून. आयोवा विद्यापीठाने १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी छोट्या रकमांचा असा बाजार सुरू केला, आणि वायदे बाजारांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी आयोगाने १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याकडे अभ्यासाचे साधन म्हणून पाहण्याचे मान्य केले. कंपनीच्या आकड्यांशी या कल्पनेची गाठ पडली ती ह्यूलेट-पॅकार्डमध्ये. १९९० च्या दशकात त्या कंपनीने कॅलिफोर्नियातील संशोधकांच्या मदतीने, विक्रीचा अंदाज बांधण्यासाठी आपल्याच कर्मचाऱ्यांचा छोटा बाजार चालवून पाहिला. पुढची पावले भराभर पडली. २०१० च्या कायद्याने युद्ध, हत्या आणि जुगार यांवरील करार रोखण्याचा अधिकार आयोगाला दिला, २०२० साली असाच भाकीत-बाजार चालवणाऱ्या 'काल्शी' या कंपनीला परवाना मिळाला, २०२२ साली 'पॉलीमार्केट'ला नोंदणीशिवाय व्यवहार केल्याबद्दल १४ लाख डॉलरचा दंड झाला, आणि २०२४ साली निवडणुकीवरील करारांच्या खटल्यात न्यायालयाने 'काल्शी'च्या बाजूने कौल दिला.

तिमाही निकाल हा आकडा मात्र पावसासारखा निसर्गातून येत नाही, तर तो कंपनीच्याच लेखा विभागात तयार होतो. अमेरिकेत त्रैमासिक अहवालाचा आजचा नमुना १९७० पासून सक्तीचा आहे. विश्लेषकांचे अंदाज गोळा करून त्यांची सरासरी छापण्याचा व्यवसायही त्याच दशकात वाढला, आणि 'अपेक्षेपेक्षा सरस' हे शब्द त्या सरासरीमुळेच अर्थपूर्ण झाले. भारतात शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपनीला, वर्षाची शेवटची तिमाही सोडल्यास, तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत निकाल द्यावा लागतो. या रचनेतील एक गोष्ट पैज लावणाऱ्याने विसरता कामा नये. अपेक्षा बांधणाऱ्या विश्लेषकांना दिशा कंपनीच देत असते आणि त्या अपेक्षेच्या वर किंवा खाली उतरणारा आकडाही तीच जाहीर करते.

विमान कंपन्यांकडे भाकीत करणाऱ्यांचे लक्ष जाते, कारण त्यांच्या व्यवसायाची बरीचशी लक्षणे बाहेरून दिसतात. अमेरिकेत विमानतळांवरील सुरक्षा तपासणीतून रोज किती प्रवासी गेले याची संख्या प्रसिद्ध होते. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दरमहा प्रवासीसंख्या देते आणि विमानाच्या इंधनाचे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतात. दाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून मोपा या दोन विमानतळांमुळे गोव्यातील माणसालाही हा हंगाम जवळून दिसतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ही तिमाही कशी चालली आहे, हे येथील टॅक्सीवाल्याला आणि हॉटेलवाल्याला निकालाच्या कितीतरी आधी कळते. तरीही प्रवाशांची संख्या कळली म्हणजे नफा कळला असे होत नाही. जागतिक विमान वाहतूक संघटनेने २०२५ साठी धरलेला निव्वळ नफा दर प्रवाशामागे सुमारे सात डॉलर होता. इतक्या पातळ थरावर इंधनाचा किंवा चलनाचा थोडासा धक्काही निकाल उलटा करू शकतो.

इंडिगोचा जुलै ते सप्टेंबर २०२५ चा निकाल त्याचे चांगले उदाहरण आहे. कंपनीने सुमारे २,५८२ कोटी रुपयांचा निव्वळ तोटा जाहीर केला, आणि त्याच निवेदनात चलनाच्या चढउताराचा परिणाम वगळल्यास सुमारे १०४ कोटींचा नफा झाल्याचे सांगितले. विमानांचे भाडेकरार डॉलरमध्ये असतात आणि पुढील अनेक वर्षांची ती देणी ताळेबंदात आजच धरावी लागतात, त्यामुळे रुपया घसरला की विमाने भरून गेली तरी कागदावर मोठा तोटा उमटतो. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही त्याच कंपनीचे आहेत. आता 'कंपनी नफ्यात राहील का' अशी पैज कोणी लावली असती, तर तिचा निकाल विमाने किती भरली यावर नव्हे, तर करारात कोणता आकडा धरला होता या एका वाक्यावर ठरला असता. म्हणूनच अमेरिकेतील मंच प्रति शेअर नफ्याचा कोणता प्रकार आणि कोणाचा अंदाज ग्राह्य धरायचा, हे नियमात आधी लिहून ठेवतात. पैज लावणाऱ्या बहुतेकांनी ते नियम वाचलेले असतात, असे मला वाटत नाही.

आकडा ज्याच्या हाती, पैज त्याच्या हाती, याचा अनुभव ३० ऑक्टोबर २०२५ रोजी उघडपणे आला. 'कॉइनबेस' या क्रिप्टो चलनांचे व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या निकालानंतरच्या चर्चेत कोणते शब्द उच्चारले जातील यावर भाकीत-बाजारांत पैसे लागले होते, आणि कंपनीच्या प्रमुखांनी चर्चा संपवताना ते शब्द एकापाठोपाठ एक मुद्दाम उच्चारले. त्यात रक्कम मोठी नव्हती, पण पैजेचा निकाल एका माणसाच्या मर्जीने लागू शकतो हे सर्वांनी ऐकले.

भारतात या प्रकाराची वाट सध्या बंद आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २९ एप्रिल २०२५ रोजी 'मतव्यवहार' करणारे, म्हणजे एखादी गोष्ट घडेल की नाही यावर पैसे लावू देणारे मंच आपल्या देखरेखीखाली येत नाहीत आणि तेथे गुंतवणूकदाराला संरक्षण नाही असा इशारा दिला. त्यानंतर ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तरीही एक फट उरते. सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार विमान कंपनीतील संबंधित कर्मचाऱ्यांना तिमाही संपल्यापासून निकालानंतरचे ४८ तास उलटेपर्यंत स्वतःच्या कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत, आणि अप्रकाशित माहिती बाहेर सांगण्यासही मनाई आहे. परंतु ते नियम रोख्यांच्या, म्हणजे शेअरसारख्या गुंतवणुकीच्या, व्यवहाराचे आहेत. त्याच कर्मचाऱ्याने कोणालाही काही न सांगता, परदेशातील एखाद्या मंचावर स्वतःच्या कंपनीच्या निकालावर 'हो' किंवा 'नाही' विकत घेतले, तर तो शेअरचा व्यवहार होत नाही, आणि रोख्यांच्या व्यवहारासाठी घातलेली बंदी त्या खरेदीला सरळ लागू पडत नाही.