४० हर्ट्झचा दिवा आणि उंदरांवरचे संशोधन : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सस्नेह नमस्कार.

घरी शुश्रूषा होत असलेल्या वृद्ध रुग्णांसाठी फाउलर बेड, एअर बेड, वॉकर आणि कमोड खुर्च्या विकणे व भाड्याने देणे हा आमचा व्यवसाय आहे. आमच्या ग्राहकांत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची कुटुंबे बरीच आहेत आणि हल्ली त्यांच्याकडून एक विचारणा वारंवार होते : अल्झायमरवर चालणारा तो ४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा दिवा आपण मागवून द्याल का? आम्ही तो मागवून देत नाही. जाहिरातींत ज्या संशोधनाचा हवाला दिलेला असतो ते खरे आणि नामांकित आहे. परंतु त्याचा पाया उंदरांवरील प्रयोगांचा आहे, आणि त्या प्रयोगांत नेमके काय दिसले हे दुकानात उभ्याउभ्या सांगणे शक्य होत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे.

मेंदूतील पेशींचे समूह जेव्हा एका ठेक्यात काम करतात तेव्हा त्यांच्या विद्युत लहरी मोजता येतात. सेकंदाला साधारण ३० ते ८० आवर्तनांच्या लहरींना गॅमा लहरी म्हणतात. लक्ष देणे आणि स्मरणात ठेवणे या कामांशी त्यांचा संबंध जोडला जातो आणि अल्झायमरमध्ये त्या क्षीण झालेल्या आढळतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ली-ह्वे त्साई यांच्या गटाने असा प्रश्न घेतला की हा ठेका बाहेरून धरून दिला तर आजारावर काही परिणाम होतो का. २०१६ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगाचा पहिला भाग शस्त्रक्रियेचा होता : उंदराच्या मेंदूत प्रकाशतंतू घालून ठरावीक पेशी सेकंदाला ४० वेळा चेतवल्या गेल्या. दुसऱ्या भागात मेंदूला हातही लावला नाही. उंदरांना तासभर ४० हर्ट्झने लुकलुकणाऱ्या एलईडी प्रकाशासमोर ठेवले, तेव्हा मेंदूच्या दृष्टिविषयक भागातील अमायलॉइड या, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण जवळपास निम्म्याने उतरले, आणि मायक्रोग्लिया नावाच्या, मेंदूतील साफसफाई करणाऱ्या पेशी ते प्रथिन गिळताना दिसल्या.

जाहिरातीत बहुधा इतकेच येते. त्याच प्रयोगात हेही नोंदलेले आहे की तासाभराच्या प्रकाशाने झालेली घट दिवसभरात भरून निघाली. अधिक वाढलेल्या अमायलॉइडच्या गाठी कमी करण्यासाठी सात दिवस, रोज एक तास, प्रकाश द्यावा लागला. २० किंवा ८० हर्ट्झने तो परिणाम झाला नाही. स्मरणशक्तीचे केंद्र असलेल्या हिप्पोकॅम्पसपर्यंतही केवळ प्रकाशाचा परिणाम पोहोचला नाही; तिथे तो २०१९ मध्ये, ४० हर्ट्झचा आवाज ऐकवल्यावर दिसला. हे सगळे वाचल्यावर आमचे कुतूहल वाढलेच, आणि दिवा न मागवण्याचा निर्णयही पक्का झाला.

आता या उंदरांविषयी. उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. प्रयोगातील बऱ्याच उंदरांत माणसाच्या आनुवंशिक अल्झायमरशी निगडित असे पाच जनुकीय बदल मुद्दाम घातलेले होते, त्यामुळे त्यांच्या मेंदूत दोनेक महिन्यांच्या वयातच अमायलॉइड साचू लागते. आपल्या घरातील आजी-आजोबांचा आजार बहुतेक वेळा असा नसतो. तो उतारवयात, अनेक कारणांनी, वर्षानुवर्षे वाढत आलेला असतो. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहूनही हलका आणि माणसाचा सुमारे तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, हा फरकही लहान नाही.

२०२३ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील ग्योर्गी बुझाकी यांच्या गटाने हाच लुकलुकता प्रकाश उंदरांवर पुन्हा तपासला. अमायलॉइडमध्ये त्यांना फरक आढळला नाही, मेंदूचा स्वतःचा गॅमा ठेका त्या प्रकाशाच्या तालावर येतो असेही दिसले नाही, आणि उंदीर तो प्रकाश टाळू पाहतात असे मात्र दिसले. त्यानंतर २०२४ मध्ये त्साई यांच्या गटाने, प्रकाश आणि आवाज एकत्र दिल्यास मेंदूतील द्रवाचा प्रवाह वाढून अमायलॉइड वाहून जाते, असे दाखवणारे नवे काम प्रसिद्ध केले. दोन प्रयोगशाळांचे न पटणे ही विज्ञानातली नित्याची गोष्ट आहे; विक्रेत्याने त्यातली सोयीची बाजू तेवढी छापावी, हे आम्हाला पटत नाही.

कवटी न उघडता मेंदूवर परिणाम करण्याचे इतरही मार्ग प्राण्यांवर तपासले जात आहेत. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे युर्गेन ग्योट्झ यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांना रक्तातून सूक्ष्म बुडबुडे टोचून डोक्यावर अतिध्वनी (अल्ट्रासाउंड) लहरी सोडल्या. रक्त आणि मेंदू यांच्यामधली नैसर्गिक आडभिंत त्यामुळे तात्पुरती सैल झाली, गाठी कमी झाल्या आणि स्मरणाच्या चाचण्यांत उंदीर सुधारले. हे घरी करण्याचे काम नव्हे. डोक्याबाहेर धरलेल्या चकतीने मेंदू चेतवण्याचे, म्हणजे चुंबकीय उद्दीपनाचे तंत्र १९८५ पासून माणसांसाठी उपलब्ध आहे, आणि नैराश्यासाठी ते रुग्णालयांत दिलेही जाते. उंदरांवर मात्र त्याची अडचण अशी की माणसासाठीची चुंबकीय चकती उंदराच्या अख्ख्या डोक्याहून मोठी असते, त्यामुळे मेंदूच्या कोणत्या भागामुळे काय झाले हे उलगडत नाही.

माणसांकडे येऊ. त्साई आणि त्यांचे सहकारी एड बॉयडन यांचा संस्थापक म्हणून सहभाग असलेल्या कॉग्निटो थेरप्युटिक्स या कंपनीने प्रकाश व आवाज देणारे उपकरण रुग्णांवर तपासले. सहा महिन्यांच्या एका लहान चाचणीत रोजची कामे करण्याची क्षमता उपकरण वापरणाऱ्यांत कमी वेगाने घटली असे त्यांनी नोंदवले, परंतु उंदरांत दिसलेली अमायलॉइडची घट रुग्णांत दिसली नाही. म्हणून कंपनीने पुढे कितीतरी मोठी चाचणी हाती घेतली.

बाजारातील स्वस्त दिव्यांविषयी एक तांत्रिक बाब. आपल्या वीजपुरवठ्याची आवृत्ती (फ्रीक्वेन्सी) ५० हर्ट्झ असल्यामुळे चोकवाली जुनी ट्यूबलाइटही सेकंदाला १०० वेळा लुकलुकत असते आणि तिने कोणाचा विसरभोळेपणा गेल्याचे ऐकिवात नाही. महत्त्व आहे ते नेमक्या आवृत्तीला आणि प्रखरतेला. मोबाइलवरील ॲपचे तर गणितच बसत नाही : ज्या पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, त्यावर उघडझाप सेकंदाला ३० वेळांपेक्षा जास्त होऊच शकत नाही.

लुकलुकत्या प्रकाशाने काही व्यक्तींना फीट येऊ शकते, आणि अल्झायमरच्या रुग्णांत फीट येण्याची शक्यता समवयस्कांपेक्षा अधिक असते. असा दिवा आपण आधीच घेतला असल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना विचारेपर्यंत तो रुग्णासमोर लावू नये आणि त्याच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करू नयेत. दिव्याचा खोका आणि सोबतचा कागद घेऊन आपण दुकानात आलात, तर त्यावर आवृत्ती आणि प्रखरता छापली आहे की नाही हे आम्ही विनामूल्य पाहून सांगू, मग दिवा कुठूनही घेतलेला असो.