‘फेला!’ नाटकामागची आई

‘फेला!’ हे म्युझिकल सुरू होतं ते १९७८ सालच्या लागोसमध्ये. नायजेरियाचा गायक आणि सॅक्सोफोनवादक फेला अनिकुलापो कुटी आपल्या ‘श्राइन’ या क्लबात शेवटचा कार्यक्रम करतो आहे. देश सोडावा की इथंच राहावं, या पेचात तो सापडलाय आणि नुकतीच वारलेली आई त्याला सारखी दिसते आहे. न्यूयॉर्कच्या यूजीन ओनील थिएटरात २३ नोव्हेंबर २००९ ला हे नाटक लागलं आणि २ जानेवारी २०११ पर्यंत चाललं. त्यात बँड रंगमंचावरच वाजत असतो, नर्तकी प्रेक्षकांमध्ये उतरतात, लोकांना खुर्चीतून उठवून कंबर हलवायला लावतात. या जल्लोषात आईचं दिसणं हा भावुक प्रसंगांपुरता जोडलेला धागा वाटू शकतो. माझ्या मते नाटकाचा कणाच ती आहे. तिची गोष्ट माहीत नसेल तर उत्तरार्ध अर्धाच पोचतो.

फेलाची आई फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांचा जन्म १९०० सालचा, गाव अबेओकुटा. सुशिक्षित ख्रिस्ती घरातल्या शिक्षिका. १९४० च्या दशकात बाजारात भाजी-तांदूळ विकणाऱ्या बायका त्यांच्या संपर्कात आल्या आणि त्यांच्या कामाची दिशाच बदलली. ब्रिटिश राजवट तिथं ‘आलाके’ या स्थानिक राजाच्या हातून कारभार चालवायची. बायकांवर वेगळा कर होता, आणि मुलींना तो मुलांपेक्षा लहान वयात लागू होई. वय तपासण्याच्या नावाखाली मुलींचे कपडे उतरवतात, अशाही तक्रारी होत्या. १९४७ च्या अखेरीस हजारो बायकांनी राजवाड्यासमोर ठाण मांडलं. आलाकेची अब्रू काढणारी गाणी रचून त्या ती मोठ्यानं गात. १९४८ मध्ये बायकांवरचा कर रद्द झाला आणि १९४९ मध्ये आलाके दुसरा अडेमोला याला गादी सोडावी लागली. तेव्हा फेला दहा वर्षांचा होता. सत्तेला भर रस्त्यात गाऊन सुनावता येतं, हे त्यानं लहानपणीच घरात पाहिलं होतं.

वडील पाद्री आणि शाळेचे मुख्याध्यापक, शिस्तीचे कडक. १९५८ मध्ये फेलाला लंडनला पाठवलं ते डॉक्टर होण्यासाठी. त्यानं नाव घातलं ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये. परतल्यावर काही वर्षं तो जॅझ आणि पश्चिम आफ्रिकेतलं हायलाइफ यांचं मिश्रण वाजवत राहिला, पण नाव फारसं झालं नाही. १९६९ मध्ये बँड घेऊन तो अमेरिकेला गेला. लॉस एंजेलिसमध्ये त्याला सँड्रा भेटली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर चळवळीत वावरलेल्या या तरुणीनं त्याला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स याचं आत्मचरित्र वाचायला दिलं. आफ्रिकेचा अभिमान आफ्रिकेतल्या माणसाला अमेरिकेत सापडला! नाटकात सँड्राला मोठी भूमिका आहे आणि ते योग्यच आहे.

इथून पुढचं संगीत म्हणजे आफ्रोबीट. ड्रमर टोनी अ‍ॅलनचा गुंतागुंतीचा ठेका, त्यावर ब्रासची वाद्यं, आणि सगळ्या नायजेरियाला कळावं म्हणून पिजिन या मिसळ इंग्रजी बोलीतले शब्द. एकेक गाणं दहा-पंधरा मिनिटांचं, कधी अर्ध्या तासाचं. तबकडीची अख्खी बाजू व्यापणारं. शिवाय फेलाचा एक हट्ट होता: एकदा ध्वनिमुद्रित झालेलं गाणं तो कार्यक्रमात पुन्हा गात नसे. आपल्या संगीत नाटकांत वन्समोअर घेण्यात गायकाचा मान, तर इथं लोक मागतील तेच नाकारायचं. नाटकवाल्यांना मात्र त्याची गाजलेली गाणीच हवी होती, आणि तीही कापून लहान केलेली. खऱ्या श्राइनमध्ये जे कधी ऐकायला मिळालं नसतं, तेच इथं ऐकायला मिळतं. मला यात बेइमानी वाटत नाही. एका रात्रीत एक आयुष्य बसवायचं तर दुसरा मार्ग नव्हता.

१९७६ च्या ‘झॉम्बी’ गाण्यात फेलानं सैनिकांना हुकमाशिवाय न हलणारी प्रेतं ठरवलं. देशात लष्करी राजवट होती, प्रमुख जनरल ओबासांजो, तेही मूळचे अबेओकुटाचेच. लागोसमधल्या आपल्या घराला फेलानं ‘कलाकुटा रिपब्लिक’ म्हणून स्वतंत्र घोषित केलं होतं. १८ फेब्रुवारी १९७७ ला सुमारे हजार सैनिक त्या घरावर चालून गेले. बायकांवर अत्याचार झाले, फेलाला बेदम मारलं, घर पेटवलं, ध्वनिमुद्रणं जळाली. शहात्तर वर्षांच्या फुन्मिलायोंना वरच्या खिडकीतून खाली फेकलं. त्या सावरल्या नाहीत. १३ एप्रिल १९७८ ला त्या गेल्या.

चौकशी समितीनं ठपका ठेवला तो ‘अज्ञात सैनिकां’वर. कुटुंबानं अडीच कोटी नायरांचा (नायजेरियाचं चलन) दावा लावला, तर सरकारवर असा दावा चालत नाही म्हणून तो फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयानंही १९८५ मध्ये तेच कायम ठेवलं. ओबासांजो सत्ता सोडणार त्याच्या आदल्या दिवशी, ३० सप्टेंबर १९७९ ला, फेला आईची प्रतीकात्मक शवपेटी घेऊन त्यांच्या लष्करी निवासस्थानी पोचला. नाटकाच्या शेवटी रंगमंचावर येणाऱ्या शवपेट्यांचं मूळ इथं आहे.

ही गोष्ट ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, आणली स्टीफन हेंडेल या कमोडिटी बाजारातल्या व्यापाऱ्यानं, निव्वळ फेलाच्या संगीताच्या वेडापायी. जिम लुईस आणि नृत्यदिग्दर्शक बिल टी. जोन्स यांनी संहिता रचली, दिग्दर्शन जोन्सचं, वादन ब्रुकलिनच्या ‘अँटिबालास’ बँडचं. २००८ मध्ये छोट्या थिएटरात प्रयोग झाले, मग रॅपर जे-झी आणि अभिनेता विल स्मिथ निर्माते म्हणून जोडले गेले. अमेरिकी रंगभूमीवरच्या टोनी पुरस्कारांची अकरा नामांकनं मिळाली. त्यांतले नृत्यरचना, वेशभूषा आणि ध्वनी हे तीन पुरस्कार पदरात पडले. फेलाची भूमिका करणारा सार न्गाउजा पुरस्काराविना राहिला, याची मला आजही हळहळ वाटते.

काही गोष्टींबाबत नाटक हात आखडतं घेतं. घर जळाल्याच्या वर्षदिनाच्या सुमारास फेलानं एकाच वेळी सत्तावीस जणींशी लग्न केलं. बायकांनी पुरुषाच्या आज्ञेत राहावं असं तो उघड म्हणत असे. फुन्मिलायोंच्या मुलानं हे म्हणावं, यातली विसंगती एखाद्या प्रवेशाला सहज पुरली असती. नाटकातल्या या ‘राण्या’ सुंदर नाचतात, पण बोलतात फार थोडं. २ ऑगस्ट १९९७ ला फेला गेला. त्याला एड्स होता हे त्याचे भाऊ, माजी आरोग्यमंत्री ओलिकोये रॅन्सम-कुटी यांनी जाहीरपणे सांगितलं. जिथं या रोगाचं नाव घ्यायला लोक कचरत, तिथं हे मोठंच धाडस होतं. कथा १९७८ मध्येच थांबत असल्यामुळे नाटकाला ते टाळता आलं. पण जोन्सचा जोडीदार आर्नी झेन १९८८ मध्ये याच रोगानं गेला होता. हा विषय त्याच्याइतका आतून कोणाला मांडता आला असता?

एप्रिल २०११ मध्ये नाटकाचे प्रयोग खुद्द लागोसमध्ये झाले, ज्यांच्यापैकी कित्येकांनी फेलाला समोर गाताना ऐकलं होतं अशा लोकांपुढे. त्याच्या पुढच्याच वर्षी फेलाच्या इकेजातल्या घरात कलाकुटा संग्रहालय उघडलं. फेमी आणि शेउन हे दोघे मुलगे आफ्रोबीट वाजवतातच, आणि मुलगी येनी हिनं सुरू केलेला ‘फेलाब्रेशन’ महोत्सव दर ऑक्टोबरात, फेलाच्या वाढदिवसाच्या सुमारास, नव्या श्राइनमध्ये भरतो.